चावीचं प्यादं

सांगलीच्या माणसाला बुद्धिबळ येत नाही, ही गोष्ट हिंगोलीत कुणाला पटत नाही. मीही ती पटवायला गेलो नाही. पुढे जे काही झालं ते त्यामुळेच.

तीन वर्षांपूर्वी पाटबंधारे खात्यातल्या बदलीनं मी इथे आलो. पहिल्याच आठवड्यात पेपर वाचायला वाचनालयात गेलो आणि चुकून मागच्या खोलीचं दार ढकललं. आत दोन गृहस्थ पटावर वाकून बसले होते. त्यातल्या टक्कलवाल्यांनी वर पाहून विचारलं, "कुठले?" हे मुळे सर, गणिताचे निवृत्त मास्तर आणि बुद्धिबळ क्लबचे कप्तान. मी म्हणालो, "सांगलीचा." बुद्धिबळाच्या पंढरीतला माणूस म्हणून दोघंही उभे राहिले. मला खुर्ची दिली, पट माझ्याकडे वळवला आणि सर म्हणाले, "बघा बरं, काय वाटतं?"

मी चष्मा काढून पुसला, परत घातला, पटाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणालो, "हं."

त्या एका 'हं'वर मी तीन वर्षं काढली. सोंगट्या कशा चालतात ते मला येतं, नाही असं नाही. सांगलीत एका न्हाव्यानं शिकवलं होतं, तेही दाढीचा नंबर लागेपर्यंत. त्यामुळे माझ्या डावाची सुरुवात बरी असते आणि शेवट मी कधी पाहिलेलाच नाही. पण खोलीत मी कधी पटावर बसलोच नाही. पाठीमागे हात बांधून उभा राहायचो, योग्य वेळी 'हं' म्हणायचो आणि चहा प्यायचो. हळूहळू मला सगळे 'सांगलीकर' म्हणू लागले, आणि त्या नावात थोडी भीती असायची. मला ती फार आवडायची.

यंदा पौषात ती सगळी पुण्याई एका दिवसात खर्च झाली. वाचनालयाच्या समितीनं ठरवलं होतं की जिल्हा साखळी स्पर्धेची ढाल यंदा खोलीत आली नाही, तर खोली कॅरमवाल्यांना द्यायची. कॅरमवाले येऊन टेप लावून भिंती मोजूनसुद्धा गेले. खोलीची चावी बावीस वर्षं मुळे सरांच्या खिशात आहे. हरवू नये म्हणून तिला बोटभर उंचीचा एक लाकडी ठोकळा बांधलेला आहे. ते मोजमाप चाललेलं असताना सर खिशात हात घालून तो ठोकळा फिरवत राहिले.

शेवटचा सामना शिरड शहापूरच्या पलीकडच्या एका बंजारा तांड्याशी होता. तांड्याचं नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर ते परत बोलावतील. चार पट, चार डाव. आम्ही अर्ध्या गुणानं पुढे होतो, त्यामुळे दोन-दोन अशी बरोबरी झाली तरी ढाल आमची. पण त्या तांड्याला यंदा कुणीही हरवलं नव्हतं. आणि आमच्या चौथ्या खेळाडूचं आदल्या दिवशी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

सर माझ्या दारात आले. "सांगलीकर, आता तुमीच."

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं हे मी ठरवलं होतं, शपथेवर सांगतो. तोंडातून निघालं, "हं."

हिंगोली ते औंढा

काळी-पिवळी जीपमध्ये आम्ही चौघं आणि इतर अकरा जण होतो. आमच्यातले तिसरे शकीलभाई, औषधाच्या दुकानवाले, आणि चौथ्या सुनीताताई, प्राथमिक शाळेच्या शिक्षिका. डावाची घड्याळं ताईंच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली, सोंगट्यांच्या पेट्या माझ्या मांडीवर. सांगलीकडे असा प्रवास करायचा तर माणसं आधी जागेवरून भांडतात आणि मग गप्प बसतात. इकडे आधी एकमेकांच्या मांडीवर बसतात आणि मग गप्पा सुरू होतात. समोरच्या एका म्हाताऱ्याला पेटीत काय आहे ते बघायचं होतं. मीही रंगात आलो होतो, म्हणून झाकण उघडलं, आणि त्याच क्षणी ड्रायव्हरनं म्हशीसाठी ब्रेक दाबला.

औंढ्याला देवळाबाहेर चहा घेताना आम्ही सोंगट्या मोजल्या. एक पांढरं प्यादं नव्हतं. ड्रायव्हरनं सगळी पोती उतरवून शोधलं. एक लिंबू, कुणाच्या तरी कानातलं आणि एक चमचा सापडला. प्यादं काही सापडलं नाही. म्हाताऱ्यानं लिंबू घेता का म्हणून विचारलं. तो मनापासून विचारत होता.

तांडा

शिरड शहापूरच्या फाट्यावर तांड्याचा कप्तान प्रकाश राठोड ट्रॅक्टर घेऊन उभा होता. हाही मास्तर, हसरा, अंगानं आडवा. ट्रॉलीत बसून आम्ही पाटाच्या कडेनं निघालो. सिद्धेश्वरच्या धरणाचं पाणी या पाटानं येतं. तीन वर्षं मी या पाटाची निळी रेघ नकाशावर पाहत होतो. त्यात खरं पाणी असतं, त्यावर बगळे बसतात आणि बायका गोधड्या धुतात, हे त्या दिवशी कळलं. दोन्ही बाजूंना गहू, त्यापलीकडे हळदीची पिवळी पडू लागलेली पानं. हळद पाहून मला एकदम सांगलीची आठवण आली आणि पाठोपाठ बुद्धिबळाचीही आली.

देवळापुढे पांढरा झेंडा होता आणि मंडपात चार पट मांडले होते. मी पटाकडे निघालो तर प्रकाश सरांनी हाताला धरून दुसरीकडे वळवलं.

"आधी जेवण."

"सामना झाल्यावर घेऊ की."

"आमच्यात जेवल्याबिगर पाहुण्याला पटावर बसवत न्हाईत. उपाशी माणसाला हरवलं तर पाप लागतं."

आमच्याकडे सामना संपल्यावर चहा आणि दोन बिस्किटं देतात, तीही हरणाऱ्याला एकच मिळाल्यासारखी वाटतात. इथे ज्वारीच्या गरम भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, ठेचा, दही आणि वर उकडलेल्या शेंगांची परात. नको म्हटलं की दोन वाढत आणि हो म्हटलं की तीन. दुसऱ्या भाकरीनंतर शकीलभाई माझ्या कानाशी वाकले.

"सांगलीकर, समझ में आया? ये इनकी पहिली चाल है."

"म्हणजे?"

"अब नींद आएगी."

मला ते पटलं, पण तोपर्यंत चौथी भाकरी मोडली होती.

पट

चौथ्या पटावर माझ्यासमोर कोण बसणार म्हणून मी बघत होतो. एक साठीच्या बाई आल्या. आरशांचा घागरा, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या आणि हातात तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप. मला वाटलं आणखी वाढायला आल्या. त्या समोर बसल्या, सूप मांडीवर घेतलं आणि शेंगा सोलू लागल्या.

"ही आमची याडी," प्रकाश सर म्हणाले. "म्हणजे माझी चुलती, पण सगळा तांडा तिला याडीच म्हणतो, आईसारखं. सासऱ्यानं शिकवलं तिला, जुन्या पद्धतीनं. आता नवे नियम बराबर खेळती, मी सांगितलेत."

याडीनं मला नीट न्याहाळलं. "तुमी सांगलीचे व्हय?"

"हं," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली.

तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला माझं हत्यार परत दिलं होतं.

आता हरवलेल्या प्याद्याचा प्रश्न आला. पंच वसमतचे होते, शांत गृहस्थ, त्यांचंही जेवण झालेलं. ते म्हणाले, उभं राहील असं काहीही ठेवा. शकीलभाईंनी खिशातून डोळ्यात टाकायच्या थेंबांची बाटली काढली. याडीनं मान हलवली. "औषधाला मी मारणार न्हाई." मी लिंबू का घेतलं नाही याचा मला पश्चात्ताप झाला.

तेव्हा मुळे सरांनी खिशात हात घातला. चावी बाहेर आली, ठोकळा बाहेर आला. त्यांनी तो माझ्या हत्तीपुढच्या रिकाम्या घरात उभा केला आणि चावी पटाच्या कडेवरून खाली लोंबत ठेवली. बावीस वर्षांत ती पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या हाताजवळ आली असेल.

"कशाची हाय?" याडीनं विचारलं.

सर कुणाला स्वतःहून काही सांगत नाहीत. पण एक तर पोटात चार भाकरी, त्यात ती बाई उत्तराची वाट बघत शेंगा सोलायची थांबलेली. त्यांनी सगळं सांगितलं. खोली, समिती, टेप, कॅरम.

"हरले तर देणार?"

"द्यावी लागंल."

"हं," याडी म्हणाली आणि शेंग सोलली.

डाव सुरू झाला. पांढऱ्या सोंगट्या माझ्या. न्हाव्यानं शिकवलेल्या आठ खेळ्या मी झटाझटा केल्या, शकीलभाईंनी लांबून कौतुकानं पाहिलंसुद्धा. नवव्या खेळीपासून मला काहीही कळेनासं झालं. याडी एका हातानं शेंग सोलायची आणि दुसऱ्या हातानं सोंगटी हलवायची, बांगड्या वाजायच्या आणि माझं काहीतरी गेलेलं असायचं. पाठीमागे तांड्यातली वीसेक माणसं उभी राहून त्यांच्या बोलीत मोठ्यानं चर्चा करत होती. मी पंचांना खुणावलं.

"हे खेळी सांगतायत."

पंचांनी कान दिला. "न्हाई हो. एक जण म्हणून राहिला, पाहुण्यांनी दही कमी घेतलं."

थोड्या वेळानं लांब कुठेतरी मोटार घुरघुरली आणि मंडपात कुजबुज झाली, "लाईट आली, लाईट आली." पहिल्या तीन पटांवरचे तिन्ही राठोड उठून पळाले. शेतीची वीज दिवसातून ठरल्या तासांचीच, ती आली की आधी मोटार चालू करायची, राजा नंतर. घड्याळं चालूच होती. आमचे तिघं रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून राहिले. मुळे सर हळूच म्हणाले, "आता हे खेळून राहिले की सोडून गेले?" पंच म्हणाले, "वाट पाहा."

अर्ध्या तासानं त्यातले दोघं चिखलानं भरलेले पाय घेऊन परत आले, बसले आणि एकानं शकीलभाईंना सात खेळ्यांत मात दिली. सुनीताताई मात्र जिंकल्या. त्यांच्या प्रतिस्पर्ध्याचं शेत लांबचं होतं, त्याची वेळ संपली. मुळे सर आणि प्रकाश सर यांची बरोबरी झाली. म्हणजे दीड-दीड. सगळे माझ्या पटाभोवती जमले.

मी आता हरणार होतो. माझ्याकडे राजा होता आणि ते चावीचं प्यादं. तिच्याकडे राजा, एक हत्ती आणि एक प्यादं. सर माझ्या पाठीशी उभे होते आणि खिशात हात घालून नसलेला ठोकळा फिरवत होते.

आणि इथून पुढचं मला आजही नीट समजलेलं नाही.

माझं चावीचं प्यादं उघड्यावर होतं. कुणीही, अगदी न्हाव्याचं गिऱ्हाईकही, ते एका खेळीत मारू शकलं असतं. याडीनं मारलं नाही. तिनं मला शह दिला. मी राजा हलवला. तिनं परत शह दिला, मी परत हलवला. मग तिचा हत्ती चावीच्या अगदी शेजारी येऊन थांबला आणि पुढे गेला.

मी विचार केला, यात डाव आहे. मारत नाही म्हणजे ते मला मारायला लावायचा तिचा बेत असणार. पण प्यादं तर माझंच होतं, मारायचं तिनं होतं. मी स्वतःच्या प्याद्याकडे संशयानं बघू लागलो. शह नव्हता तेव्हा भीत भीत ते एक घर पुढे ढकललं. ठोकळा सरकला, मागे चावी खरखरत आली.

शकीलभाई कुजबुजले, "ये मार क्यों नही रही?"

प्रकाश सरांचा चेहरा लाल झाला होता. बोलायची परवानगी नव्हती. ते हाताची घडी घालत होते आणि सोडत होते.

परत शह. परत मी पळालो. परत तिचा हत्ती चावीला वळसा घालून गेला, जशी घरातली बाई झोपलेल्या माणसाला ओलांडत नाही तसा. मी आणखी एक घर पुढे. मागच्या वीस माणसांचा दह्याचा विषय संपला होता.

ठोकळा शेवटून दुसऱ्या घरात पोचला. पुढच्या खेळीला त्याचा वजीर होणार. वजीर झाला तर मी, सांगलीकर, जिंकूसुद्धा शकत होतो, आणि ते कसं जिंकतात हे मला माहीत नव्हतं. याडीनं सुपातले दाणे एका बाजूला केले. चावीकडे पाहिलं. मग मुळे सरांकडे पाहिलं. मग हत्ती उचलला, ठोकळ्याच्या जागी ठेवला आणि ठोकळा हातात घेतला.

"बुर्ज झाली," ती म्हणाली. "बराबरी."

आणि तिनं माझ्यापुढे हात केला.

बुर्ज म्हणजे काय, बराबरी कशी, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. एक बाई हात पुढे करते आहे एवढंच कळलं आणि मी तो धरला. पंचांनी विचारलं, "दोघांना मान्य?" ती म्हणाली, "व्हय." मी म्हणालो, "हं."

पंचांनी लिहून टाकलं. दोन-दोन.

याडी उठली, चावी मुळे सरांच्या तळहातावर ठेवली आणि सूप काखेत मारून निघून गेली. तिच्यापाठोपाठ सगळा तांडा गेला. टाळ्या नाहीत, ओरडा नाही. आम्ही चौघं पटाभोवती उभे, जिंकलो की काय झालं ते एकमेकांना विचारत.

परतीची ट्रॉली

प्रकाश सरांनी उलगडून सांगितलं. जुन्या देशी पद्धतीत समोरच्याची सगळी फौज मारली आणि राजा एकटा राहिला, की डाव तिथंच थांबतो. तिला बुर्ज म्हणतात, आणि ती बरोबरी धरतात. म्हणून जुने खेळाडू समोरच्याचं शेवटचं प्यादं कधीच मारत नाहीत. ते जिवंत ठेवून मात द्यायची, त्यात मान. नव्या नियमात असलं काही नाही. चावी पहिल्या झटक्याला मारली असती तर याडी दहा-बारा खेळ्यांत जिंकली असती.

"जुनी सवय," प्रकाश सर कपाळावर हात मारत म्हणाले. "दहादा सांगितलं तिला. यंदा चार सामन्यांत बराबर खेळली आणि आजच विसरली."

मुळे सर ट्रॉलीच्या कडेला बसले होते. "ती विसरली न्हाई."

"सर, मी ओळखतो ना तिला."

"मारायच्या आधी तिनं माझ्याकडं पाहिलं."

शकीलभाई म्हणाले, "भैंस का टाइम हुआ था. दूध निकालना था उसको. मैंने सुना." कुणाकडून ऐकलं, कोणत्या भाषेत, ते त्यांनी सांगितलं नाही.

मुळे सरांनी ट्रॅक्टर थांबवायला लावला. उतरून ते उलटे तांड्याकडे चालू लागले, डाव परत लावतो म्हणून. मास्तर माणूस, न कमावलेला गुण त्यांना टोचत होता. पण ठोकळा मुठीत इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. प्रकाश सरांनी धावत जाऊन त्यांना धरून आणलं. म्हणाले, "हात मिळाला, आता काही न्हाई होत. गेले तर ती परत जेवायला बसवंल."

हा शेवटचा मुद्दा सरांना पटला.

जीपमध्ये तिघांनीही मला विचारलं, सांगलीकर, तुम्हाला काय वाटतं, विसरली की सोडलं? मी खिडकीबाहेर पाहिलं. औंढ्याचे दिवे लागत होते. या वेळी 'हं' म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मी म्हणालो, मला बुद्धिबळ येत नाही. कुणीच विश्वास ठेवला नाही. सुनीताताई म्हणाल्या, "किती साधे आहात हो."

हिंगोली, महिन्यानंतर

ढाल खोलीत लागली. कॅरमवाल्यांना वरच्या मजल्यावरचा वऱ्हांडा मिळाला, तिथून त्यांचं 'क्वीन, क्वीन' ऐकू येतं.

एका मंगळवारी दुपारी सरांनी नुकतंच कुलूप काढलं होतं. बाजाराची पिशवी घेऊन याडी दारात उभी राहिली. बरोबर प्रकाश सर, त्यांना जिल्हा परिषदेच्या कामातून वेळ नव्हता, ते तिला सोडून गेले. तिनं खोली चारही बाजूंनी बघितली. ढाल बघितली. कॅरमवाल्यांनी मोजताना भिंतीवर केलेल्या पेन्सिलीच्या खुणा बघितल्या. मग खुर्चीवर बसली आणि मला समोर बसायची खूण केली. प्यादं अजून आणलेलं नव्हतं, म्हणून सरांनी न विचारताच ठोकळा हत्तीपुढे उभा केला.

माझ्याच्यानं राहवेना. "याडी, त्या दिवशी तुम्ही विसरलात का मुद्दाम केलं, एकदा सांगून टाका. आमच्यात तीन पक्ष पडलेत."

तिनं पिशवी पायाशी ठेवली, बांगड्या वर सारल्या.

"खोली राहिली ना?"

"राहिली."

"मग झालं तर. चला सायब, तुमची खेळी. आज बुर्ज न्हाई होणार."

नाहीच झाली. एकविसाव्या खेळीला तिनं मला मात दिली, तीही प्याद्यानं. चावी शेवटपर्यंत पटावर उभी होती, तिला कुणी हात लावला नव्हता. मुळे सर माझ्या पाठीशी हात बांधून उभे होते. मात झाली तेव्हा ते वाकले, पटाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हं."